दुसऱ्याच्या प्रतीकडे नेणारा दुवा आणि प्रताधिकाराची तक्रार

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी गेली सहा वर्षे विनामोबदला सांभाळतो. त्यावर मोफत वाचता येणाऱ्या पुस्तकांचे एक पान आहे. वाचनालयाच्या सभासदांनी वेळोवेळी सुचवलेले दुवे तिथे विषयवार लावलेले आहेत. पुस्तकाची एकही फाईल आमच्याकडे साठवलेली नाही. दुव्यावर टिचकी मारली की वाचक दुसऱ्या कोणाच्या तरी संकेतस्थळावर जातो.

गेल्या महिन्यात एका प्रकाशन संस्थेचे ईमेल आले. त्यात सतरा दुव्यांची यादी होती आणि संपूर्ण पान अठ्ठेचाळीस तासांत काढले नाही तर फौजदारी तक्रार करू, असे म्हटले होते. कार्यकारी मंडळाच्या तातडीच्या सभेत दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की वाचनालयाला कोर्टकचेरी परवडणारी नाही, तेव्हा पान आजच बंद करावे. दुसरी बाजू म्हणाली की फाईल आपली नाही, आपण केवळ पत्ता सांगितला आहे, म्हणून उत्तरसुद्धा देऊ नये. मला दोन्ही मते अपुरी वाटली, कारण सतरापैकी एकही दुवा कोणी उघडून पाहिलेला नव्हता.

दोन रात्री बसून मी ते सर्व उघडले. त्यांपैकी दोन दुवे एका हयात कादंबरीकाराच्या, आजही दुकानात मिळणाऱ्या पुस्तकांच्या स्कॅनकडे नेत होते. चार दुवे साने गुरुजींच्या पुस्तकांचे होते. तीन दुवे संतवाङ्मयाच्या सटीप आवृत्त्यांचे होते. पाच चित्रफिती एका नाटकाच्या होत्या आणि त्या प्रेक्षागृहात बसून मोबाईलवर घेतलेल्या आहेत हे समोरच्या रांगेतील डोक्यांवरून उघड दिसत होते. दोन दुवे मृत होते. उरलेला एक दुवा तक्रारदार प्रकाशकाच्याच संकेतस्थळावरील नमुना प्रकरणाचा निघाला.

एकाच पत्रात इतक्या निरनिराळ्या गोष्टी एकत्र आल्यावर सरसकट होकार किंवा सरसकट नकार देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. केवळ दुवा देणे हा प्रताधिकाराचा भंग ठरतो का, आणि तक्रार आल्यावर आमचे नेमके कर्तव्य काय, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

न्यायपत्र

कोयनाकाठ यांस, दुवे उघडून पाहण्याचे काम तुम्ही आधी केलेत हे फार बरे झाले. मी बौद्धिक संपदेच्या दाव्यांत काम करतो. पुढील मजकूर सर्वसाधारण माहितीचा समजावा. तुमच्या प्रकरणासाठी स्थानिक वकिलांना कागद दाखवावेत.

भारताच्या प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये "दुवा देणे म्हणजे भंग" किंवा "दुवा देणे म्हणजे भंग नव्हे" असे सरळ वाक्य कुठेही नाही. म्हणून दोन कलमे एकत्र वाचावी लागतात. कलम ५१(अ)(ii) नुसार, जी व्यक्ती नफ्यासाठी एखादी जागा कृती लोकांपर्यंत पोहोचवण्यास वापरू देते आणि ते पोहोचवणेच भंग असते, ती व्यक्तीही जबाबदार धरली जाते. मात्र तो भंग आहे हे तिला ठाऊक नसेल आणि तसे मानायला वाजवी कारणही नसेल, तर ती सुटते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ५२(१)(क) इलेक्ट्रॉनिक दुवे पुरवण्यासाठी होणाऱ्या तात्पुरत्या किंवा आनुषंगिक साठवणुकीला संरक्षण देते. तिथेही अट तीच आहे: साठवलेली प्रत बेकायदा आहे हे माहीत असता कामा नये. हे कलम शब्दशः साठवणुकीविषयी आहे, तुमच्याकडे तर साठवणूकच नाही. तरीही तक्रारीची जी पद्धत कायदेमंडळाने आखून दिली ती याच कलमात आणि प्रताधिकार नियम, २०१३ मधील नियम ७५ मध्ये सापडते, म्हणून तिचा आधार घेणे शहाणपणाचे आहे.

नियम ७५ प्रमाणे तक्रार लेखी असावी लागते. कृती ओळखता येईल असे तिचे वर्णन, तक्रारदार मालक असल्याचा तपशील, ती प्रत बेकायदा का आहे आणि कलम ५२ च्या अपवादांत का बसत नाही याचे स्पष्टीकरण, प्रत नेमकी कुठे आहे तो पत्ता, आणि आपण सक्षम न्यायालयात दावा लावून एकवीस दिवसांत आदेश आणू अशी हमी, एवढे त्यात हवे. अशी तक्रार मिळाली की ३६ तासांत त्या प्रतीकडे जाण्याची सोय थांबवायची असते. एकवीस दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही, तर ती सोय पुन्हा सुरू करता येते. तुमच्या पत्रातील अठ्ठेचाळीस तास कोणत्या नियमातून आले, ते मला समजले नाही.

दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २३ डिसेंबर २०१६ रोजी मायस्पेस (समाजमाध्यम संकेतस्थळ) विरुद्ध सुपर कॅसेट्स (संगीत कंपनी) या प्रकरणात दिलेला निकाल या विषयात मला सर्वांत उपयोगी वाटतो. एकल न्यायाधीशांनी २०११ मध्ये मायस्पेसच्या विरोधात निर्णय दिला होता. खंडपीठाने तो फिरवताना सांगितले की आपल्या जागेवर कुठेतरी भंग होत असेल ही मोघम जाणीव पुरेशी नाही. कोणती कृती, कुठे, याचे विशिष्ट ज्ञान हवे. पण त्याच निकालात हेही आहे की प्रताधिकाराच्या बाबतीत मालकाने असे विशिष्ट ज्ञान करून दिले, तर न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहत बसता येत नाही. श्रेया सिंघल प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाचा हवाला देऊन "आदेश आणा, मग काढू" असे उत्तर देण्याची सवय अनेकांना लागली आहे. प्रताधिकाराच्या तक्रारीत ते उत्तर टिकेल यावर विसंबू नये.

फौजदारीच्या धमकीबद्दल थोडक्यात. कलम ६३ मध्ये शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी आहे; परंतु कृत्य जाणूनबुजून केलेले असावे लागते. उलट, कोणी निराधार धमक्या देत असेल तर त्याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद कलम ६० मध्ये आहे.

शाईदौत

मी अनुवादक आहे आणि या चर्चेत दुसऱ्या काठावरून लिहीत आहे. माझ्या एका अनुवादाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती आणि ती संपायला चार वर्षे लागली. पाचव्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीचे बोलणे चालू असताना, संपूर्ण पुस्तकाचे स्कॅन एका संदेश-ॲपवरील वाहिनीवर असल्याचे कळले. प्रकाशकांनी दुसरी आवृत्ती थांबवली. त्याला ते स्कॅन हेच एकमेव कारण होते असे मी म्हणणार नाही, पण बैठकीत तो कागद टेबलावर होता.

फाईल चढवणाऱ्याचे नाव मला कधीच कळले नाही. मात्र त्या फाईलकडे नेणारा दुवा एका चांगल्या साहित्यविषयक संकेतस्थळावर होता, आणि बहुतेक वाचक तिथूनच आले होते. मी त्यांना लिहिले. "फाईल आमची नाही" असे एका ओळीचे उत्तर आले. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. पण एखाद्या वाहिनीवर पडलेली फाईल आणि वाचनालयाच्या नावाखाली लावलेला दुवा यांचे वजन वाचकाच्या मनात सारखे नसते. वाचनालयाने दुवा दिला म्हणजे हे वाचायला हरकत नसणार, असे वाचक गृहीत धरतो. "आम्ही केवळ पत्ता सांगितला" या वाक्यात तो पत्ता कोणी सांगितला, ही बाब गळून जाते.

म्हणून माझी विनंती अशी की त्या कादंबरीकाराचे दोन दुवे नियम ७५ ची हमी आली की नाही हे न पाहता आजच काढावेत. ते चूक आहेत हे आता तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी कळलेले आहे.

वारंदा

शाईदौत यांच्याशी मी सहमत आहे, पण संतवाङ्मयाच्या तीन दुव्यांविषयी प्रश्न आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या ओव्यांवर आज कोणाचा हक्क कसा असू शकतो? आणि कोणते पुस्तक केव्हा मुक्त होते हे सामान्य माणसाने कसे मोजावे?

न्यायपत्र

ओव्यांवर कोणाचाही प्रताधिकार नाही. पण त्या ओव्यांना कोणी अर्वाचीन संपादकाने टीपा, शब्दार्थ, प्रस्तावना लिहिली असेल तर त्या मजकुरावर त्याचा स्वतंत्र हक्क असतो. भाषांतराचेही तसेच: मूळ संस्कृत ग्रंथ मुक्त असला तरी मराठी अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या अनुवादाला संरक्षण आहे. आवृत्तीच्या मुखपृष्ठावर प्राचीन कवीचे नाव मोठे आणि संपादकाचे लहान छापलेले असते, त्यामुळे चांगले जाणते लोकही येथे फसतात.

मोजणी अशी. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून साठ वर्षे टिकतो. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके भारतात १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहेत. आचार्य अत्रे १३ जून १९६९ रोजी गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत थांबावे लागेल. पु. ल. देशपांडे यांच्या बाबतीत तर २०६० सालाचा शेवट उजाडावा लागेल, कारण त्यांचे निधन १२ जून २००० रोजी झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या कृतीची साठ वर्षे मात्र प्रसिद्धीच्या वर्षापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि त्यांच्या कवितांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. म्हणून तेथे २०१२ हे अखेरचे वर्ष धरावे लागते.

पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये निवर्तले आणि त्यांच्या कृती १९९१ च्या अखेरीस मुक्त होणार, तेव्हा ती साठ करण्यात आली. जुन्या लोकांच्या बोलण्यात अजूनही पन्नासचा आकडा येतो, त्यावर विसंबू नये.

सायप्रस_लेन

मी नेदरलँड्समध्ये राहतो आणि दुव्यांवरील सर्वांत गाजलेला युरोपीय निकाल याच देशातून गेलेला असल्याने दोन शब्द लिहितो. युरोपीय संघाच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०१४ मध्ये स्वेन्सन प्रकरणात म्हटले होते की हक्कदाराने स्वतःच सर्वांसाठी खुला ठेवलेल्या लेखाकडे दुवा दिला तर त्यासाठी परवानगी लागत नाही, कारण दुव्यामुळे नवा वाचकवर्ग निर्माण होत नाही. प्रश्न राहिला तो हक्कदाराच्या संमतीविना चढवलेल्या प्रतीचा.

२०११ मध्ये येथील जीएस मीडिया कंपनीच्या एका वार्ता-संकेतस्थळाने अप्रकाशित छायाचित्रांच्या फाईलकडे दुवा दिला. ती छायाचित्रे प्रसिद्ध करण्याचा हक्क असलेल्या सानोमा या प्रकाशकाने दुवा काढायला सांगितले. त्यांनी नकार दिला. मूळ ठिकाणाहून फाईल गेली तेव्हा दुसऱ्या ठिकाणचा दुवा लावला. ८ सप्टेंबर २०१६ रोजी जीएस मीडिया प्रकरणात न्यायालयाने ठरवले की नफ्यासाठी दुवा देणाऱ्याने आधी खात्री करून घ्यायला हवी होती असे गृहीत धरले जाईल. नफा नसलेल्या माणसाला सहसा ते माहीत नसते असे मानले जाईल. पण हक्कदाराने कळवल्यानंतर अज्ञानाचा बचाव दोघांनाही उरत नाही. वाचनालयाचे पान दुसऱ्या वर्गात बसते. म्हणजे पत्र येईपर्यंतच्या काळासाठी तुमची स्थिती भक्कम आहे आणि पत्रानंतरच्या काळासाठी ती तुमच्या वागण्यावर अवलंबून आहे. हा निकाल भारतात बंधनकारक नाही, पण न्यायपत्र यांनी सांगितलेल्या दिल्लीच्या निकालातही भर ज्ञानावरच आहे. दोन वेगळ्या कायदेपरंपरांत हीच गोष्ट निर्णायक ठरावी, याचा मी बराच विचार केला आहे. दुवा देणाऱ्याच्या हाती फाईल नसते. त्याच्या हाती असते ती फक्त माहिती, त्यामुळे जबाबदारीही माहितीवरूनच मोजावी लागते.

चौकट

मी तांत्रिक बाजू सांगतो. कोयनाकाठ, आपल्या संकेतस्थळाचा सर्व्हर कुठे आहे? स्वस्त होस्टिंग बहुधा अमेरिकेतील असते, आणि तसे असेल तर तक्रारदार तुम्हाला वगळून थेट होस्टिंग कंपनीला लिहू शकतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल प्रताधिकार कायद्यातील कलम ५१२(ड) दुवे आणि शोधसाधनांसाठीच आहे. तक्रार आली की कंपनी आधी पान बंद करते आणि मग तुम्हाला कळवते. साठवलेल्या मजकुरावरील तक्रार चुकीची असेल तर प्रति-सूचना देता येते; तक्रारदाराने दावा लावला नाही तर मजकूर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत परत यायला हवा. खोटी माहिती जाणूनबुजून देणाऱ्यावर कलम ५१२(फ) खाली नुकसानभरपाईची जबाबदारीही येते.

साने गुरुजींच्या दुव्यांबाबत एक गोष्ट लक्षात घ्यावी. भारतात ती पुस्तके २०११ पासून मुक्त आहेत, पण अमेरिकेत परदेशी पुस्तकांची मोजणी वेगळी होते. १ जानेवारी १९९६ रोजी जे परदेशी पुस्तक त्याच्या मायदेशी संरक्षित होते, त्याला अमेरिकेत प्रसिद्धीपासून पंचाण्णव वर्षांचे संरक्षण बहाल झाले. म्हणून भारतात १९३६ मध्ये प्रथम निघालेले आणि १९९६ मध्ये येथे संरक्षित असलेले पुस्तक तिकडे २०३१ च्या अखेरपर्यंत मुक्त नाही. भारतीय वाचनालयाने भारतीय वाचकासाठी दिलेला दुवा यामुळे भारतात बेकायदा ठरत नाही. पण अमेरिकन कंपनीला तो तसा वाटू शकतो. शक्य असेल तर संकेतस्थळ भारतातील सर्व्हरवर हलवावे.

नाटकाच्या चित्रफितींविषयी माझे मत मात्र वेगळे आहे. तक्रारदार पुस्तकांचा प्रकाशक आहे. त्याच्याकडे संहिता छापण्याचा हक्क असेल, प्रयोगाच्या चित्रीकरणाचा नसेल. जो मालकच नाही त्याच्या पत्रावर दुवे का काढावेत?

न्यायपत्र

चौकट यांचा मुद्दा कायद्याला धरून आहे. दावा मालकाने किंवा एकमेव परवानाधारकाने करायचा असतो. संहितेचा हक्क नाटककाराचा किंवा वारसांचा, सादरीकरणातील हक्क नटांचा, आणि छपाईचा परवाना प्रकाशकाचा, असे हे तीन वेगळे धागे आहेत. पत्राला उत्तर देताना "आपला या कृतीतील हक्क कोणता, ते कळवावे" असे विचारणे योग्यच ठरेल.

तरीही तक्रारदार चुकीचा असला म्हणून तक्रारीतून मिळालेली माहिती चुकीची ठरत नाही. प्रेक्षकांची डोकी दिसणारे चित्रीकरण संमतीने झालेले नसणार, हे कोयनाकाठ यांनी स्वतः पाहून येथे लिहिले आहे. उद्या खऱ्या हक्कदाराने विचारले, तर "वाजवी कारण नव्हते" असे त्यांना म्हणता येणार नाही.

शाईदौत

तेच. शिवाय ज्या नटांनी तो प्रयोग केला त्यांना त्या चित्रफितीतून एक पैसाही मिळालेला नाही.

कोयनाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी मंडळाची दुसरी सभा झाली. तिथे काय ठरले ते लिहितो.

कादंबऱ्यांचे दोन दुवे शाईदौत यांचा प्रतिसाद वाचला त्याच रात्री काढले होते. मंडळाने त्याला मागाहून मान्यता दिली. त्या जागी दोन्ही पुस्तके वाचनालयात कोणत्या क्रमांकावर आहेत ते लिहिले आहे. नाटकाच्या पाचही चित्रफिती काढल्या. यावर सभेत बराच वेळ गेला, कारण ते नाटक आता रंगभूमीवर नाही आणि आमच्या गावातील मुलांना ते पाहण्याचा दुसरा मार्ग नाही. ही हळहळ खरी आहे आणि मलाही ती वाटते. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी नाटककारांच्या कन्येला पत्र लिहून संमती मागण्याचे अंगावर घेतले आहे.

मृत दुवे काढले. प्रकाशकाच्या नमुना प्रकरणाचा दुवा ठेवला आणि तो त्यांच्याच संकेतस्थळावरचा असल्याचे पत्रात कळवले. साने गुरुजींची चार पुस्तके ठेवली. निधनाची तारीख, साठ वर्षांची मोजणी आणि चारही पुस्तके त्यांच्या हयातीत निघाल्याचा तपशील पत्रासोबत जोडला. त्यांपैकी दोन पुस्तके मराठी विकिस्रोतावर मिळाली, म्हणून अनोळखी संकेतस्थळाऐवजी दुवा आता तिकडे जातो. सर्व्हर खरोखरच अमेरिकेतील निघाला. पुढील मार्चमध्ये मुदत संपते, तेव्हा तो बदलायचा आहे.

संतवाङ्मयाच्या तीन आवृत्त्या वाचनालयाच्या कपाटातून काढून संपादकांची नावे पाहिली. एक संपादक १९५८ मध्ये गेले, ती आवृत्ती ठेवली. दुसऱ्या आवृत्तीचे संपादक हयात आहेत, तो दुवा काढून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःच्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेल्या संबंधित ग्रंथाचा दुवा दिला. तिसऱ्या आवृत्तीवर संपादकाचे नाव आहे, पण त्यांच्याविषयी काहीच सापडत नाही, आणि ती छापणारी संस्था केव्हाच बंद पडली आहे. तो दुवा तूर्त झाकून ठेवला आहे. ती प्रत आमच्या कपाटात आहे आणि तिची पाने हात लावताच तुटतात. वाचनालयाकडे छापील प्रत असेल तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवण्याची मुभा कलम ५२(१)(न) देते, असे वकिलांनी सांगितले. म्हणून आंतरजालावर न ठेवता केवळ जतनापुरते तिचे स्कॅन या आठवड्यात सुरू करत आहोत.

प्रकाशकांना नऊ पानांचे उत्तर नोंदणीकृत टपालाने पाठवले आहे. संपादकांपैकी कोणाची माहिती येथे कोणाला असेल तर मी तिसऱ्या आवृत्तीचे मुखपृष्ठ आणि मुद्रणस्थळ उद्या या धाग्यावर लिहितो. छपाई मिरजेची आहे, त्यामुळे सांगली-मिरजेकडील जुन्या मुद्रकांशी ओळख असलेल्यांनी कृपया लक्ष ठेवावे.